अतिवाहन, अतिभारवहन आणि घरची जुनी इनोव्हा

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. संग्रह आणि लोभ या यादीत असावेत हे कोणालाही सहज पटेल. पहिल्या आणि शेवटच्या नावापाशी मात्र व्यापारी गृहस्थाने थोडे थांबावे. अतिवाहन म्हणजे गाडी ओढणाऱ्या जनावराला त्याच्या शक्तीपलीकडे दामटणे. अतिभारवहन म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आहेच. श्वेतांबर परंपरेतील श्रावक प्रतिक्रमणातही अतिभाराची आलोचना केली जाते. समंतभद्रांनी हा दोष परिग्रहाच्या प्रकरणातही नोंदवला, आणि त्यामागे मनुष्यस्वभावाची नेमकी पारख दिसते. बैलावर जादा ओझे कोणी दुष्टपणाने क्वचितच लादतो. दुसऱ्या खेपेचा खर्च वाचावा म्हणून लादतो.

आज व्यापारी घराच्या अंगणात बैलगाडी नाही. तिच्या जागी अनेक ठिकाणी एक जुनी सात-आठ आसनी जपानी बनावटीची गाडी उभी असते. दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांची. तीच तीर्थयात्रेला जाते, तीच लग्नकार्याला जाते आणि तीच दुकानाचे चार गठ्ठेही वाहते. अशा गाडीची मर्यादा कशी ओळखावी, ती कुठवर सांभाळावी आणि केव्हा सोडावी, हा या वेळच्या सदराचा विषय आहे.

माग, नांगर आणि मोटार

टोयोटा कंपनीची क्वालिस ही गाडी जानेवारी २००० मध्ये भारतात आली. २००५ च्या आरंभी तिची जागा इनोव्हाने घेतली. २०१६ मध्ये क्रिस्टा हे नवे रूप येईपर्यंत इनोव्हाची ही पहिली पिढी विकली जात होती. या गाड्या बंगळुरूजवळच्या बिडदी येथे, टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या संयुक्त कारखान्यात तयार झाल्या.

या दोन्ही नावांचा इतिहास कापड आणि शेतीच्या व्यापारात असलेल्या घरांना परका नाही. साकिची टोयोडा हे मूळचे मागांचे संशोधक. त्यांचा स्वयंचलित माग १९२४ मध्ये पूर्णत्वास गेला. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी मागांच्या कंपनीतच मोटारीचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये त्यातून स्वतंत्र मोटार कंपनी उभी राहिली. इकडे किर्लोस्करांची कीर्ती लोखंडी नांगरापासून सुरू झाली आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली. मागाच्या गावातील व्यापाऱ्याच्या दारात ही गाडी शोभून दिसते, ती काही उगाच नव्हे.

ती इतकी वर्षे टिकते, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. बैलगाडीच्या साट्याप्रमाणे हिला खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट असते आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला असतो. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. जुन्या इनोव्हातील २४९४ सीसीचे डिझेल इंजिन सुमारे १०२ अश्वशक्तीचे आहे. आजच्या मानाने ही शक्ती माफक म्हणावी लागेल. त्या शक्तीवर फार ताण न देता इंजिन चालवले, तर ते दीर्घकाळ साथ देते. तालुक्याच्या गावीही तिचे सुटे भाग मिळतात आणि तिची नस ओळखणारा मिस्त्री सापडतो. मोठ्या रस्त्यावर एका लिटरला अकरा ते तेरा किलोमीटर पळणारी ही गाडी एकत्र कुटुंबाला म्हणूनच परवडत आली.

क्वालिस आणि इनोव्हा यांत एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. क्वालिसला मागच्या बाजूला पाटे होते. पाटे बसणाऱ्याला धक्के देतात, पण ओझे सोसतात. इनोव्हाला मागे गुंडाळी स्प्रिंग आहेत. त्यांच्यामुळे आजी-आजोबांचा प्रवास सुखाचा झाला. पण भार मर्यादेपलीकडे गेला, की गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू सैल लागते आणि दिव्यांचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे गाडीला जे सोसवत नाही त्याचा त्रास अनोळखी वाटसरूला होतो.

बैल बसतो, गाडी बसत नाही

यंत्राला जीव नाही, मग त्याच्यावर ओझे लादण्यात अतिचार कसला, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. लोखंडाला वेदना नसते. पण बैल आणि मोटार यांतला महत्त्वाचा भेद वेगळाच आहे. बैल थकला की मान टाकतो, तोंडाला फेस येतो, शेवटी रस्त्यातच बसतो. त्याची मर्यादा धन्याला डोळ्यांनी दिसते. मोटार मर्यादा ओलांडल्यावरही बराच काळ मुकाट्याने चालत राहते. ब्रेक तापतात ते दिसत नाही, टायरची आतली वीण उसवते ती दिसत नाही. जेव्हा दिसते तेव्हा घाटाचा उतार असतो आणि आत आठ माणसे असतात.

तेव्हा गाडीवर टाकलेले जादा ओझे हे वास्तविक आतल्या मुलांवर, म्हाताऱ्यांवर, चालकावर आणि रस्त्याने पायी जाणाऱ्यावर टाकलेले असते. त्यांना सुख-दुःख आहे. म्हणून अतिभाराचा विचार बैलाबरोबर संपत नाही. उलट मूक यंत्राच्या बाबतीत तो धन्याने स्वतःहून करावा लागतो.

अतिवाहनाचेही तसेच. दक्षिण महाराष्ट्रातून श्रवणबेळगोळ पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पहाटे निघून, दर्शन घेऊन, रात्रीतून परतण्याचा बेत काही घरांत मोठ्या हौसेने सांगितला जातो. दुकान दोन दिवस बंद राहू नये हा त्यामागचा हिशेब. गाडी हे अंतर कापेलही. पण पगारी चालकाची झोप कोणाच्या खात्यात मांडायची? तत्त्वार्थसूत्रातील त्याच अतिचारांत अन्नपाननिरोध हाही एक आहे : आश्रिताच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे. धर्मशाळेत सूर्यास्तापूर्वी घरच्यांची भोजने आटोपतात आणि चालक मात्र गाडी लावून, सामान उतरवून येईपर्यंत भोजनशाळा बंद झालेली असते. हे घडू नये यासाठी मोठे तप लागत नाही. सामान नंतर उतरवावे आणि चालकाला पहिल्या पंगतीला बसवावे, एवढेच पुरे.

एक हिशेब

इचलकरंजीसारख्या गावातील एखाद्या कापड व्यापाऱ्याचे घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घरात आप्पा, आजी, दोन मुलगे, सुना आणि नातवंडे. इनोव्हा २००५ च्या अखेरीस घेतलेली. फेब्रुवारी २००६ मध्ये ती गोमटेश्वराच्या महामस्तकाभिषेकाला गेली, तेव्हा तिच्या गादीवरचे प्लास्टिकही निघाले नव्हते. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तीच गाडी पुन्हा गेली. पुढचा महामस्तकाभिषेक २०३० मध्ये. तोवर गाडी चोवीस वर्षांची होईल. धाकट्या मुलाला ती विकून नवी घ्यावी असे वाटते. थोरला म्हणतो, इंजिन अजून खणखणीत आहे, नवीत पैसे कशाला घालायचे?

या घरात हुबळीच्या लग्नाला निघायची तयारी चालली आहे. पाच मोठी माणसे, तीन मुले. टपावर बॅगा. तेवढ्यात दुकानातून साड्यांचे दोन गठ्ठे येतात. हुबळीच्या गिऱ्हाइकाचा माल आहे, दोनशे साड्या.

"आप्पा, गाडी जातेच आहे नव्हे? दोन गठ्ठे टाकले तर काय बिघडलं? ट्रान्सपोर्टचं भाडं वाचतं," थोरला म्हणतो.

आप्पा ओट्यावर बसूनच विचारतात, "दुकानात सुताचं बाचकं वजन केल्याशिवाय घेतोस का कधी? मग गाडीतच अंदाज कसा चालतो? काटा लावू या."

आणि बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला जातो. गाडीचे रिकामे वजन नोंदणीपत्रात असते. भरल्या गाडीचे कमाल वजन निर्मात्याने गाडीवर लावलेल्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असते. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरते ती गाडीची पत. समजा ती ६०० किलो निघाली. पाच मोठी माणसे सरासरी ६५ किलोंची, म्हणजे ३२५. तीन मुले ३५ किलोंची, म्हणजे १०५. बॅगा आणि आहेराचे सामान ८०. टपावरचा लोखंडी कॅरिअर २५. डबे आणि गाळलेल्या पाण्याचे कॅन २०. बेरीज ५५५. माल चढण्याआधीच पतीपैकी केवळ ४५ किलो शिल्लक. अर्धा किलोची एक साडी धरली, तरी दोनशे साड्यांचे १०० किलो होतात. खाते ५५ किलोंनी उणे जाते.

थोरल्या मुलाने त्या कागदावर एकदा बोट फिरवले आणि गठ्ठे परत दुकानात पाठवले. दुसऱ्या दिवशी ते मालवाहू टेम्पोने गेले. भाडे पडले काहीशे रुपये. आठ जिवांच्या प्रवासात ज्याच्यासाठी जोखीम पत्करली जाणार होती, ती रक्कम एवढीच होती.

असा हिशेब प्रत्येक घरात एकदा तरी मांडला जावा. व्यापाऱ्याचा हात आकड्यांना सरावलेला असतो. तोच हात गाडीत सामान भरताना अंदाजावर विसंबतो, याचे कारण अज्ञान नसते. "जातोच आहोत तर" या तीन शब्दांत लोभ फार सभ्य वेषात येतो.

विम्याचा कागद काय म्हणतो

भाराखेरीज दुसरीही एक बाजू आहे, आणि तिच्याकडे व्यापारी घरांचे दुर्लक्ष होते. खासगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यावर वापर आणि मालाची वाहतूक या गोष्टी त्यांत वगळलेल्या असतात. मालाच्या बाबतीत दोनच सवलती आहेत : प्रवाशाचे स्वतःचे सामान आणि मालाचे नमुने. म्हणजे व्यापाऱ्याने पाच साड्या नमुन्यादाखल नेल्या तर त्या विम्याच्या मर्यादेत बसतात. गिऱ्हाइकाला विकलेल्या दोनशे साड्या बसत नाहीत. अपघात झाला आणि पाहणीत गठ्ठे सापडले, तर भरपाईच्या दाव्यावर प्रश्नचिन्ह उभे राहू शकते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मालवाहू गाडीची व्याख्याही अशीच व्यापक आहे. मालासाठी न बांधलेली गाडी मालासाठी वापरली, तर त्या वापरापुरती तीही मालवाहू गाडी ठरते. मागची आसने कायमची काढून जागा करून घेणे हा आणखी एक प्रकार. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मन मानेल तसा करता येत नाही. इनोव्हाची शेवटची रांग दोन्ही बाजूंना दुमडून वर अडकवता येते. तात्पुरत्या गरजेला तेवढे पुरेसे आहे.

मालाबरोबर कागदही हवेत. राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. माल स्वतःच्या गाडीतून नेला म्हणून यातून सुटका होत नाही. सीमेवरच्या गावांतील व्यापाऱ्यांना निपाणी-बेळगाव घरच्यासारखे वाटते, पण कराच्या कायद्यात ते परराज्य आहे. लग्नाला निघालेल्या गाडीत बिलाविना गठ्ठे सापडावेत आणि घरच्या स्त्रियांना, मुलांना नाक्यावर तासभर ताटकळावे लागावे, यात प्रतिष्ठेची जी हानी होते ती दंडाहून मोठी असते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमांविरुद्ध वागणे हाही एक गणला आहे, याचे स्मरण इथे अप्रस्तुत ठरणार नाही.

चौक्याचे साहित्य आणि विहार

एक हलकी वाहतूक मात्र या गाड्या फार सुंदर करतात. मुनिसंघाच्या विहारात चौका लावणारी कुटुंबे भांडी, धान्य, शेगडी, सोवळ्याची वस्त्रे आणि गाळलेले पाणी घेऊन एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी जातात. हे सामान घरचेच असते आणि अंतर थोडे. दुमडलेल्या आसनांच्या जागेत ते नीट बसते. तरी इथेही दोन गोष्टी पाळाव्यात. जड भांडी आणि गॅसची टाकी खाली, मधल्या आसनाच्या पाठीला टेकवून, दोरीने बांधून ठेवावी. टपावर फक्त हलके सामान असावे. टपावर चढलेला प्रत्येक किलो वळणावर गाडीला कलंडवायला मदत करतो.

पहाटे अंधुक प्रकाशात पायी चालणाऱ्या साधु-साध्वींच्या मागे, लुकलुकणारे दिवे लावून, संथ गतीने गाडी ठेवण्याची सेवाही अनेक श्रावक करतात. ही सेवा मोलाची आहे. मात्र तासन्‌तास पहिल्या गियरमध्ये, अर्धा क्लच दाबून गाडी रांगवली, तर क्लच झिजतो आणि इंजिन तापते. थोडे पुढे जाऊन थांबावे, पुन्हा जावे, असे केले तर गाडीलाही विश्रांती मिळते. गाडी साधूंच्या पुढे नव्हे, मागे असावी आणि तिच्या पाठीवर परावर्तक पट्ट्या असाव्यात.

चातुर्मासापूर्वीची तपासणी

चातुर्मासात अनेक श्रावक प्रवासाची मर्यादा घालून घेतात. गाडीच्या देखभालीला याहून चांगले निमित्त नाही. आषाढापूर्वी, पाऊस स्थिरावण्याच्या आत, जुन्या गाडीची एक संपूर्ण तपासणी करून घ्यावी आणि खर्चिक दुरुस्त्या या चार महिन्यांत उरकाव्यात.

पहिले नाव टायमिंग बेल्टचे. या डिझेल इंजिनात तो असतो आणि पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर तो बदलावाच लागतो. तो तुटला तर इंजिनाच्या आतील भागांची मोडतोड होते आणि बेल्टच्या किमतीच्या अनेक पट खर्च येतो. गाडी जुनी विकत घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याची पावती हाती नसेल, तर बदललेला नाही असेच धरून चालावे.

दुसरे टायर. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असे नाही. टायरच्या कडेला चार आकड्यांची खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ अशी खूण असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. कमी फिरणाऱ्या घरगुती गाडीचे टायर झिजण्याआधी वयाने कडक होतात. पाच-सहा वर्षांनंतर त्यांच्यावर कुटुंब सोपवू नये. सुट्या टायरचे वयही पाहावे, कारण तो बहुधा गाडीइतकाच जुना असतो.

तिसरे ब्रेक. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर ब्रेक दगा देतात. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवण्याची जुनी खोड अत्यंत घातक आहे. ज्या गियरमध्ये चढ चढला असता, त्याच गियरमध्ये उतार उतरावा.

याखेरीज मागच्या स्प्रिंग, जोडांतील रबरी बुश, थंड पाण्याच्या नळ्या, डिझेलचा फिल्टर आणि दरवाज्यांखालच्या पट्टीवरील गंज पाहावा. प्रत्येक आसनाचा सुरक्षापट्टा ओढून पाहावा. जुन्या गाड्यांत मागचे पट्टे गादीखाली कायमचे दडपलेले आढळतात. आजीला पट्ट्याचा संकोच वाटतो, मुले ऐकत नाहीत; पण पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही, हा नियम घरच्या कर्त्याने स्वतः मागे बसून पाळला की सगळे पाळतात.

या सर्वांची नोंद एका वहीत असावी. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. दुकानाच्या खतावणीशेजारी गाडीचीही वही ठेवली, तर पुढे ती विकायची की ठेवायची हा निर्णय वादाने होत नाही, वहीने होतो.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

अशी गाडी नव्याने घरात आणू इच्छिणाऱ्यांनी घड्याळातील किलोमीटरवर भाबडा विश्वास ठेवू नये. इनोव्हा भाड्याच्या धंद्यात फार वापरली गेली. पिवळ्या पाटीची गाडी पुढे पांढऱ्या पाटीवर नोंदवली गेलेली असू शकते. नोंदणीचा पूर्वेतिहास, कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, विम्याचे जुने दावे आणि थकलेले दंड हे सर्व पैसे देण्यापूर्वी तपासावे. पायपट्ट्या, सुकाणू आणि चालकाच्या आसनाची झीज घड्याळातील आकड्याशी जुळते का, ते पाहावे. थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन बऱ्याच गोष्टी लपवते.

केव्हा सोडावी

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. हस्तिनापूर, तिजारा किंवा शिखरजीच्या यात्रेत दिल्ली परिसरातून जायचे असेल, तर तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि त्यांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत. निघण्यापूर्वी ताजी माहिती घ्यावी.

पण शुल्क भरले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. जुनी वस्तू टिकवणे हा अपरिग्रहाचा आचार आहे, हे खरे. दरवर्षी नवे रूप आले म्हणून चांगली गाडी काढणे ही समंतभद्रांच्या यादीतील विस्मयाचीच छटा आहे : दुसऱ्याच्या वैभवाने डोळे दिपणे. मात्र जुने टिकवण्याच्या आड कृपणताही लपू शकते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. जो गृहस्थ जुन्या गाडीवर वेळच्या वेळी खर्च करतो, तिचा भार आणि अंतर मर्यादित ठेवतो, त्याच्याकडे संतोष आहे. जो टायर बदलायचे टाळतो, काळा धूर दिसत असूनही प्रमाणपत्राची सोय करून घेतो आणि तरीही साधेपणाचा अभिमान बाळगतो, त्याला लोभानेच गाठले आहे. काळ्या धुराने वायुकायिक जीवांची विराधना होतेच, आणि शेजारच्या घरातील दम्याच्या रुग्णाचीही होते.

तेव्हा कसोट्या तीन असाव्यात. एका वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाऊ लागला, किंवा चौकटीला गंजाने भोक पडले, किंवा दुरुस्त करूनही धूर हटेना, तर मोह आवरून गाडी अधिकृत केंद्रात मोडीत द्यावी. ती कोणा गरजूच्या गळ्यात स्वस्तात बांधणे हा उपकार नव्हे. जुन्या इनोव्हाच्या सुरुवातीच्या अनेक गाड्यांत हवेच्या पिशव्या आणि चाके न अडकू देणारी ब्रेकची व्यवस्था नाही, हेही विसरू नये. घरात लहान मुले असतील आणि वर्षाकाठी लांबचे चार-पाच प्रवास होत असतील, तर लांबच्या वाटेसाठी अधिक सुरक्षित गाडी आणि जवळच्या कामांसाठी जुनी, अशी विभागणी शहाणपणाची ठरते.

इचलकरंजीच्या त्या घरानेही असाच तोडगा काढला, असे मानू या. जुनी गाडी दीडशे किलोमीटरच्या परिघातच न्यायची, सूर्यास्तानंतर हलवायची नाही, दुकानाचा माल तिच्यात चढवायचा नाही आणि दरवर्षी आषाढापूर्वी वही पाहून पुढचा निर्णय घ्यायचा. २०३० च्या महामस्तकाभिषेकाला आगगाडीने जायचे. चार ओळींचे हे परिमाण आप्पांनी गाडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि खाली दोन्ही मुलांच्या सह्या घेतल्या. दिग्व्रतात दिशांची मर्यादा ज्या निश्चयाने घेतली जाते, त्याच निश्चयाने गाडीचीही घेता येते. ज्या घरी अशी गाडी आहे, त्या घरी येत्या चातुर्मासापूर्वी एवढे एक पान लिहून व्हावे.